गास्कनीतल्या कोंबड्याचं नाव कुठे गेलं?

मराठीतली 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. लॅटिनमधला 'क्लाविस' त्यांच्या तोंडी 'चावे' झाला. पुढे त्यांचा 'च' बदलून 'श' झाला, आपल्याकडे मात्र जुना उच्चार राहिला. तोच शब्द इटलीत 'क्यावे', पॅरिसला 'क्ले' आणि फ्रान्सच्याच दक्षिणेत 'क्लाउ'. यातलं कुणीच चुकलेलं नाही. प्रत्येकाचा आपला नियम आहे, आणि तो शेकडो शब्दांना सारखा लागू पडतो.

दक्षिण फ्रान्सच्या या भाषेला ऑक्सितान म्हणतात. तिथे 'होय'ला 'ओक' म्हणायचे, उत्तरेत 'ओईल', म्हणजे आजचं 'उई'. इटालियन कवी दांतेने 'होय'च्या या शब्दांवरूनच भाषा वेगळ्या ओळखल्या होत्या.

ऑक्सितानच्या पोटातही बोली आहेत. नैऋत्येच्या गास्कनी प्रांतातली गास्कोन त्यातली सर्वांत हट्टी. शेजारी मुलीला 'फिल्या' म्हणतात, ही 'हिल्या' म्हणते. तिच्या काही भागांत लॅटिन शब्दाचं शेपूट गळून शेवटी उरलेल्या 'ल्ल'चा 'त' होतो. या नियमाने एकदा मोठी पंचाईत केली. लॅटिनमध्ये कोंबडा 'गाल्लुस' आणि मांजर 'कात्तुस'. नियमाप्रमाणे दोघांचंही झालं 'गात'! ज्या घरात कोंबडाही आहे आणि त्याच्यावर टपलेलं मांजरही, तिथे हे कसं चालणार? मांजराने नाव राखलं. कोंबड्याला कुठे फेझंट पक्ष्याचं नाव मिळालं, तर कुठे 'विकारियुस' (प्रतिनिधी) या लॅटिन हुद्द्यावरून आलेलं 'बिगे'.

हे कळलं ते बोलींच्या नकाशामुळे. एदमों एदमों (नाव आणि आडनाव, दोन्हींचा उच्चार सारखाच) या माणसाने 1897 ते 1901 या काळात 639 ठिकाणी जाऊन तीच प्रश्नावली विचारली, कानावर पडलं तसं टिपलं आणि नकाशे करणाऱ्या झ्यूल झिलिएरों या भाषाशास्त्रज्ञाकडे पाठवलं. कोंबड्याचं जुनं नाव जिथून नाहीसं झालं, तो प्रदेश आणि 'ल्ल'चा 'त' होणारा प्रदेश जवळजवळ एकावर एक बसले. भाषाशास्त्रात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

ऑक्सितान भाषेत बाराव्या शतकात त्रुबादूर कवी गात होते. दांतेने आपल्या महाकाव्यात आर्नाउत दानिएल या त्रुबादूरला बोलतं केलं, तेव्हा आठ ओळी इटालियनमध्ये न लिहिता त्याच्याच भाषेत लिहिल्या. एका थोर कवीने दुसऱ्याचा याहून मोठा मान काय करावा! पुढे राज्यकारभार पॅरिसच्या भाषेत गेला. तरी 1859 मध्ये फ्रेदेरिक मिस्त्रालने प्रोव्हान्सच्या ऑक्सितान बोलीत 'मिरेयो' लिहिलं, सधन शेतकऱ्याची मुलगी आणि टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा यांच्या प्रेमाचं बारा सर्गांचं काव्य. मग गावोगावचे शब्द गोळा करून त्याने दोन खंडांचा कोश केला. 1904 साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, स्पॅनिश नाटककार होसे एचेगाराय यांच्यासोबत विभागून.

त्याच काळात शाळेत घरची भाषा बोललेल्या पोराच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवायचे. दुसरं कुणी तसं बोलताना सापडलं की ती त्याच्या गळ्यात जायची. मला हे वाचून फार वाईट वाटतं.

त्या पोरांना शाळेत मधमाशीसाठी शिकवलेला शुद्ध फ्रेंच शब्द होता 'आबेय'. स्वरांमधल्या लॅटिन 'प'चा पॅरिसकडे 'व' होतो, दक्षिणेत 'ब': किनारा म्हणजे 'रीपा', तो तिकडे 'रीव', इकडे 'रिबा'. 'आपिकुला'पासून आलेल्या 'आबेय'मध्ये 'ब' आहे. तो शब्द त्यांच्याच घरचा होता.