गोलरक्षक : घडण आणि कारकीर्द

फुटबॉल संघातील अकरा जणांपैकी चेंडू हाताने खेळण्याची मुभा असलेला एकमेव खेळाडू. ही मुभा स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापुरतीच, म्हणजे गोलरेषेपासून १६.५ मीटरपर्यंत. त्याच्या पाठीमागचा गोल ७.३२ मी. रुंद आणि २.४४ मी. उंच असतो. नागपूर-कामठीच्या मैदानांवर त्याला 'गोलकीपर' किंवा नुसते 'कीपर' म्हणतात.

व्यवसाय म्हणून या जागेची गोम अशी की संघात ती एकच असते. बचावपटूला गरज पडल्यास मध्यफळीत खेळवता येते. दुसरा गोलरक्षक मात्र पहिला जखमी होईपर्यंत किंवा त्याचा खेळ उतरेपर्यंत बाकावरच असतो. त्यामुळे बहर उशिरा येतो आणि उशिरापर्यंत टिकतो. इटलीच्या दिनो झोफने १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून चाळिसाव्या वर्षी जिंकला. जानलुईजी बुफोन १९९५ मध्ये सतराव्या वर्षी पार्माकडून उतरला तो २०२३ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी थांबला. इजिप्तच्या इसाम अल-हदरीने २०१८ च्या विश्वचषकात ४५ व्या वर्षी पेनल्टी (११ मीटरवरून फक्त गोलरक्षकासमोर मारलेला फटका) अडवली. विजेची चपळाई ओसरली, तरी जागा धरण्याचे शहाणपण वाढत जाते, म्हणून हे शक्य होते.

जागा धरणे म्हणजे साधी भूमिती. चेंडू गोलासमोर ११ मीटरवर असेल आणि गोलरक्षक रेषेवरच उभा असेल, तर त्याला पूर्ण ७.३२ मी. राखावे लागतात. तो तीन मीटर पुढे आला की हीच रुंदी सुमारे ५.३ मीटरवर येते. फार पुढे आल्यास चेंडू डोक्यावरून उचलून टाकला जातो. नवख्यांची चूक बहुधा पुढे येण्यात नसते. फटका बसतानाही ते धावतच असतात, ही असते. पाय जमिनीवर टेकून, किंचित उडीनंतर स्थिर होऊनच फटक्याला सामोरे जावे लागते. ताशी १०० कि.मी. वेगाची पेनल्टी गोलरेषेपर्यंत ०.४ सेकंदात पोहोचते, तेव्हा ही उडी चुकली की पुढचे सगळे चुकते.

नागपुरात खरी अडचण त्याआधीच, पडण्यापाशी येते. इथली बरीच सरावाची मैदाने मुरमाची किंवा उन्हाने तडकलेल्या काळ्या मातीची. एकदा कंबर खरचटली की पोरगा झेप घ्यायचे टाळतो आणि पायाने चेंडू अडवू लागतो. मग ती सवय वीस वर्षांचा झाला तरी सुटत नाही. म्हणून फटके अडवण्याआधी पडायला शिकवावे. क्रम असा : पाय पसरून बसून बाजूला कलंडणे, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून, शेवटी उभ्याने. प्रत्येक बाजूला आठ-दहा वेळा. उजवीकडचा खालचा चेंडू असेल तर उजवा पाय तिरका पुढे टाकायचा. जमिनीला पोटरीची कड, मांडी, कंबर, बरगडीची बाजू आणि खांदा या ओळीने टेकवायचे. खालचा हात चेंडूच्या मागे, वरचा चेंडूवर, आणि चेंडू जमिनीवर दाबून त्याचाच आधार घ्यायचा. कोपर आधी टेकले तर धक्का थेट खांद्याच्या सांध्यात जातो. मागच्या दिशेने पडले तर चेंडू हातावरून गोलात जातो. सुरुवातीला लांब उडीचा वाळूचा खड्डा उत्तम. मात्र वाळूत पायाला रेटा मिळत नाही, तेव्हा झेपेची ताकद तिथे घडत नाही. ती हिरवळीवरच, आणि कंबरेला गादी शिवलेल्या चड्डीत.

हातमोज्यांचा पृष्ठभाग लॅटेक्स फोमचा असतो. सामन्याच्या जोडीत तो साधारण ३ ते ४ मि.मी. जाड. कोरडा असताना तो चेंडू धरत नाही. आधी ओला करून निथळून घालावा लागतो. एप्रिल-मेच्या हवेत ओल बघता बघता उडते, म्हणून पाण्याची बाटली खांबाशी ठेवतात. धुणे कोमट पाण्यात, वाळवणे सावलीत. ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर टाकलेली महागडी जोडी दुपारभरात कडक होते, आणि तशीच गुंडाळली तर तडकते. सरावाची व सामन्याची जोडी वेगळी ठेवणे ही चैन नव्हे.

नियमांनी या कामाचे स्वरूप वेळोवेळी बदलले. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हाताने उचलता येत नाही. तेव्हापासून दोन्ही पायांनी पास देणे गोलरक्षकालाही शिकावे लागले. २०१९ पासून पेनल्टीच्या क्षणी निदान एक पाय रेषेवर वा रेषेच्या वर हवेत असणे पुरेसे ठरले. २०२५ च्या बदलानुसार चेंडू आठ सेकंदांहून अधिक हातात धरल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यावरून मारायचा फटका, मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजून दाखवतो.

भारतात पीटर थंगराज यांचे नाव आधी घ्यावे लागते : १९५६ व १९६० चे ऑलिंपिक आणि १९६२ चे आशियाई सुवर्ण. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेक संघातून २०१६ मध्ये युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला, तर अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमच्या महिला संघात गेली.

नागपुरात वाट बहुतेक शाळेच्या संघातून जिल्हा लीगमध्ये जाते. कामठीचा रब्बानी, नागपूरचा यंग मुस्लिम, शिवाय दक्षिण पूर्व मध्य रेल्वेसारखे विभागीय संघ इथे परिचित आहेत. त्यापुढे राज्य निवड आणि मग अकादमी किंवा व्यावसायिक क्लब. क्रीडा कोट्यातील नोकरी हा इथला खरा करार समजला जातो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाला तर तोच परवडतो. विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या स्लम सॉकरने वस्त्यांतील मुलांना मैदान दिले. पण तिथल्या चार जणांच्या खेळात गोल लहान असतो. प्रतिक्षिप्त हालचाल त्यातून छान तयार होते, मैदानाच्या कडेने उंचावरून येणारा चेंडू (क्रॉस) झेलणे मात्र तिथे शिकता येत नाही. त्यासाठी अकरांचे मैदान आणि कॉर्नर मारणारा कुणीतरी लागतो.

दुखापतींत बोटांचे मुरगळणे सर्रास. सुजलेले बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून खेळतात; पेर वाकडे दिसले तर आधी एक्स-रे. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी खेळ थांबवावा. चेल्सीच्या पेत्र चेकच्या कवटीला २००६ मध्ये तडा गेला, त्यानंतर तो शिरस्त्राण घालूनच खेळला.

निवृत्तीनंतर अनेक जण प्रशिक्षक होतात, त्यासाठी गोलरक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. या कामात पहिली परीक्षा मात्र पायाची : सराव घेणाऱ्याला छातीवर, गुडघ्याशी, खांबालगत, म्हणू तिथे, सलग पन्नास चेंडू मारता यायला हवेत.