पायवाटेचा वाफसा

पाऊस थांबून दोन दिवस झाले की पन्हाळ्याहून मसाई पठारावर जायला पाय शिवशिवतात. पठारावर वारं मोकळं, वाट बऱ्यापैकी कोरडी. खाली उतरून झाडीत शिरलं, की त्याच वाटेवर घोट्यापर्यंत चिखल. मग जो तो कडेकडेने चालतो, वाट रुंदावत जाते आणि दोन्ही बाजूंचं गवत मरतं. म्हणून निघण्याआधी अंदाज हवा.

शेतकऱ्याकडे यासाठी वाफसा हा नेमका शब्द आहे. मूठभर माती दाबायची. लाडू वळून अलगद फुटला तर कुळव घालायचा, बोटाला चिकटला तर थांबायचं. हवामानाच्या आकड्यांवरून वाट कधी सुकेल ते काढणं म्हणजे लांबूनच वाफसा ओळखणं.

त्याची मुळं जुनी आहेत. पाण्यालगतचा आणि वरच्या हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर बाष्पीभवनाचा वेग ठरतो, हे जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. १९४८ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रातल्या हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा एका समीकरणात बसवले. पाणी आणि गवताबरोबर त्यांनी उघड्या मातीचाही विचार केला होता. पायवाट म्हणजे उघडी मातीच, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं. १९५१ मध्ये कोहलर आणि लिन्स्ली या अमेरिकी जलशास्त्रज्ञांनी, पावसाचं किती पाणी वाहून जाईल हे सांगण्यासाठी, आदल्या पावसाची उरलेली ओल मोजायची सोपी रीत वापरली: कालच्या ओलीला एकापेक्षा लहान संख्येने गुणायचं, आजचा पाऊस मिळवायचा.

पुढे १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन-पुस्तिकेत मातीचा फरकही आकड्यांत आला. वरच्या १० सेंटिमीटर थरातून वाळूत ६ ते १२ मिलिमीटर पाणी उडून जाऊ शकतं, चिकणमातीत २२ ते २९. आधी ऊन-वारा ओढेल तेवढं पाणी जातं. नंतर मातीच हात आखडते.

कोल्हापुरात हे डोळ्यांनी दिसतं. मे महिन्यातला वळीव तापल्या मातीवर पडतो, दुसऱ्या दुपारी धूळ उडते. आषाढात दोन दिवस उघडीप मिळाली, तरी ढगाळ, दमट हवेत काळी माती ओल सोडत नाही. शिवाय गगनबावड्याचा पाऊस आणि शहरातला पाऊस यांत मोठी तफावत. जवळच्या हवामान केंद्राचा आकडा घाटातल्या वाटेला लावला, तर हिशेब तिथेच चुकतो. झाडाच्या सावलीची नोंद तर त्या आकड्यात नसतेच, म्हणून झाडीतल्या टप्प्याला मी एक-दोन दिवस जास्तीचे धरतो.