डीआरडीओच्या ऑर्डरवर एलडी (लिक्विडेटेड डॅमेजेस, म्हणजे उशिराबद्दलची कपात): मुदतवाढीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या एमआयडीसीतले, डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) लॅबना माल पुरवणारे वर्कशॉपवाले एकच तक्रार घेऊन येतात: "उशीर लॅबचा, पैसे आमचे कापले." तक्रार बहुतेकदा खरी असते. पण त्या उशिराची तारीख सांगणारा कागद फाइलमध्ये नसतो, आणि अर्ज तिथेच पडतो.

एलडीचा रूढ दर असा: उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला 0.5 टक्के, कमाल 10 टक्के. आठवड्यातला एक दिवससुद्धा पूर्ण आठवडा धरतात. 10 लाखांच्या मालाला 15 दिवस उशीर झाला तर तीन आठवडे, म्हणजे 15,000 रुपये गेले. तारीख ट्रक निघाल्याची धरायची की लॅबच्या गेटवरच्या पावतीची, हे ऑर्डर घेतानाच वाचा.

1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या संरक्षण खरेदी नियमावलीत विकासाच्या टप्प्यात एलडी नाही, प्रोटोटाइपनंतर काही बाबतींत 0.1 टक्का, कमाल 5 आणि फारच उशीर असेल तर 10. हे वाचून लगेच अर्ज लिहायला बसू नका. डीआरडीओची खरेदी नियमावली वेगळी आहे. तुमच्या सप्लाय ऑर्डरमध्ये छापलंय तेच कलम तुम्हाला लागू.

माफी कशावर मागता येते? ड्रॉइंगची मंजुरी लांबली, फ्री इश्यू मटेरियल (लॅबने स्वतः द्यायचा माल) उशिरा आलं, इन्स्पेक्शनला कोणी आलं नाही, चाचणीची तारीख मिळाली नाही. पूर किंवा तत्सम आपत्तीची लेखी सूचना ठरलेल्या दिवसांत द्यावी लागते. काही करारांत हे जेमतेम 10 दिवस असतात. मशीन बंद पडलं, जॉबवर्कवाल्याने लटकवलं, या कारणांवर मुदतवाढ मिळाली तरी एलडीसकट मिळते.

अर्ज डिलिव्हरीची मुदत संपण्याआधी द्या. सोबत ऑर्डर व तिच्या दुरुस्त्या, मटेरियल मिळाल्याची तारखेची पावती, इन्स्पेक्शन कॉल लेटर (तपासणीला या, असं तुम्ही पाठवलेलं पत्र), बैठकीचं इतिवृत्त. शेवटचे दोन कागद सहसा कोणाकडेच नसतात. "पाठवा भाऊ सावकाश, बघू" हे साहेब फोनवर बोलतात, मग त्यांची बदली होते, आणि नवे साहेब फाइलमध्ये असेल तेवढंच वाचतात. म्हणून फोन ठेवला की त्याच दिवशी ईमेल टाका: आज आपलं असं बोलणं झालं.

मंजुरीचं पत्र आलं म्हणून पेढे वाटू नका, आधी ते नीट वाचा. "एलडीचा हक्क राखून" असं लिहिलं असेल तर कपात टळलेली नाही. आक्षेप लगेच लेखी कळवा. मुकाट्याने सही केलीत तर पुढे भांडायला जागा उरत नाही.

कापलेल्या एलडीवर जीएसटी लागत नाही, 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात ते स्पष्ट आहे. तरी कोणी लावलाच तर तेच परिपत्रक पुढे करा. आणि मुदत वाढली की बँक गॅरंटीची मुदतही वाढवून घ्या, नाहीतर बिल त्यावरूनच अडतं.