घोटा मुरगळला की एक्स-रे काढायचा का, हे ठरवणारा नियम आला कुठून

पऱ्हाटीतून येताना धुऱ्यावर पाय वाकडा पडला आणि घोटा टम्म सुजला की आमच्या विदर्भातल्या खेड्यात दोनच गोष्टी होतात, एकतर चोळून देणाऱ्याकडे नेतात नाहीतर रोजी बुडवून, गाडीभाडं भरून तालुक्याला एक्स-रेला. नेमकं कोणाला न्यायला पाहिजे हे सांगणारा एक नियम आहे, ओटावा अँकल रूल्स, कॅनडातल्या ओटावा शहरात बनलेला.

तिथली अडचण आपल्या उलटी होती. मशीन हाताशी, त्यामुळे घोटा दुखतो म्हणून येईल त्या जवळपास प्रत्येकाचा एक्स-रे व्हायचा, आणि 100 मधल्या 15 जणांचंही हाड मोडलेलं नसायचं. मग डॉ. इयन स्टील यांच्या टीमनं 750 पेशंट तपासले, कोणत्या खुणा असल्या की फ्रॅक्चर निघतं ते शोधलं आणि 1992 मध्ये छापलं.

घोट्याच्या भागात दुखत असेल आणि बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालून 6 सेंमीपर्यंत, नाहीतर खालचं टोक दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे. पाऊल मधोमध दुखत असेल तर दोन जागा दाबायच्या, बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मागं जो उंचवटा लागतो तो आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. आणि लागल्या लागल्या पण आणि दवाखान्यात पण 4 पावलं टाकता आली नाहीत तरी एक्स-रे. लंगडत टाकली तरी चालतात.

सूज किती आहे हे यात कुठंच नाही! आपण तर सूज बघूनच घाबरतो. "चालता येते न, मंग हाड नाही मोडलं" असं म्हातारी माणसं म्हणतात ते अर्धंच बरोबर, हाड दाबून बघणं राहूनच जातं, आणि तिथं दुखत असताना चोळलं तर माणसाचे हाल होतात हो.

1994 मध्ये नियम वापरून बघितला तेव्हा घोट्याचे एक्स-रे 28 टक्के कमी झाले. 2003 मध्ये 27 अभ्यास, 15 हजारांवर पेशंट एकत्र तपासले, नियमानं नको म्हटलेल्यांत फ्रॅक्चर दीड टक्क्याहून कमी निघालं. पण मूळ नियम मोठ्या माणसांवर बनलाय. लहान लेकरू, दारू प्यालेला किंवा शुगरनं पाय बधिर झालेला माणूस असेल तर फक्त दाबून ठरवू नका, डॉक्टरला दाखवा.