अंगठीत कापूस अडकायलाय? मग एकदा काटे बघा

दिवाळीच्या आधी आई फुलवाती करत बसली होती. आमच्या परभणीकडं घरात कापूस असतोच, आन् दर दोन-तीन वातींमागं एक तंतू तिच्या पुष्कराजाच्या अंगठीत अडकायचा. शेवटी ती कावून म्हणली, काढूनच ठेवते ही आता. मी भिंग घेऊन बघितलं तर खड्याला धरणारे जे चार बारके काटे असतात त्यातले दोन डोक्यावर घासून पार पत्र्यासारखे झालेले, आन् एकाची कड खड्यापासून केसभर वर उचललेली. कापूस तिथंच अडकत होता.

आता सोनं झिजतं कशानं? खनिजांचा कडकपणा सांगायला मोस नावाची १ ते १० ची पट्टी आहे, त्यात सोनं अडीच-तीनवर येतं, पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम ९ वर, हिरा १० वर. आन् वाळूत, घरातल्या धुळीतसुद्धा असणारा क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे वाळूनं भांडी घासली, अंगठी घालूनच कणिक मळली, ओटा पुसला, की प्रत्येक वेळी सोन्यावरून बारीक कानस फिरल्यासारखंच होतं. खड्याला काही होत नाही, काटा मात्र जातो. त्यात आपल्याकडं सगळ्यांना २२ कॅरेटच पाहिजे. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, रंगाला झकास पण मऊ. १८ कॅरेटमधी पाव भाग तांबं-चांदी असते म्हणून ते जास्त कडक राहतं, आन् खड्याच्या दागिन्याला तेच बरं असं माझं मत आहे, आईला पटत नाही ती गोष्ट वेगळी.

झिजण्यातली खरी मेख अशी की काट्याची जाडी निम्मी झाली तर त्याला कायमचा वाकवायला निम्मा नाही, चौथाईच जोर पुरतो. म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही आन् मग एक दिवस पदराचा धागा अडकतो, काटा उचलतो, खडा कुठं पडला ते कळतच नाही. काही जण काय करतात, चिमट्यानं काटा परत दाबून बसवतात. एखाद्या वेळेला चालतं, पण धातू वाकवला की तो तिथं कडक आन् ठिसूळ होत जातो, लोखंडी तार चार-पाच वेळा इकडंतिकडं केली की तुटते तसंच. पातळ झालेला काटा असा दाबत राहिलं की तुटूनच हातात येतो.

खरी दुरुस्ती म्हणजे काट्याच्या डोक्यावर नवं सोनं चढवायचं. सोनार ते टोक साफ करतो, टाकणखार लावतो म्हणजे तापल्यावर काळा थर धरत नाही, सोन्याचा बारका तुकडा ठेवतो आन् झाळ देऊन जोडतो. झाळ म्हणजे जोडायचा मिश्रधातू, तो दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे नाहीतर दागिनाच वितळायचा. आन् यात एक गंमत आहे बघा, शुद्ध सोनं १०६४ अंशाला वितळतं, तांबं १०८५ ला, पण साधारण ८० भाग सोन्यात २० भाग तांबं घातलं की ते मिश्रण ९१० च्या आसपासच पाणी होतं, दोघांपेक्षाही कमी! चांदी, जस्त घातलं की आणखी खाली. पूर्वी यात कॅडमियम घालायचे, केडीएम सोनं म्हणायचे ते हेच, पण त्याची वाफ कारागिराच्या फुफ्फुसाला घातक. जोडून झालं की नवं टोक खड्यावर वाकवून गोल करायचं.

पण जाळ लावायच्या आधी खडा कोणता आहे ते बघावं लागतं, आन् घोटाळे होतात ते इथंच. आमच्या मावशीची नवरत्नाची अंगठी एका दुकानात अशीच झाळायला दिली होती, परत आली तेव्हा पाचूत आडवी चीर आन् मोती तपकिरी. नऊ खडे म्हणजे नऊ स्वभाव. पाचूत मुळातच भेगा असतात, त्या बऱ्याचदा तेल भरून झाकलेल्या, तापलं की तेल जातं आन् भेग उघडी पडते. मोती आन् पोवळं म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, त्यांना आच तर चालत नाहीच पण झाळल्यावर काळेपणा काढायला जे अ‍ॅसिडचं पाणी वापरतात त्यातही ते विरघळायला लागतात. हिरा दणकट, पण तो कार्बन, लाव्हाझिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७७२ मधी मोठ्या भिंगानं ऊन गोळा करून हिरा जाळून दाखवला होता. उघड्या हवेत जास्त तापला की पृष्ठभाग पांढुरका होतो, म्हणून त्याला बोरिक पावडरचा लेप देतात. माणिक, नीलम, पुष्कराज उष्णता बऱ्यापैकी सोसतात पण त्यांना टाकणखार चालत नाही, सोन्याला वाचवणारा तोच टाकणखार तापल्यावर या खड्यांचं पॉलिश खातो! त्यात माणकाच्या भेगांत काच भरलेली असली तर मग विचारूच नका.

म्हणून खडा काढून ठेवायचा, काम करायचं, परत बसवायचा. वेळ जातो, मजुरी वाढते, पण घाई केली की मावशीसारखं होतं. आजकाल मोठ्या शहरांत लेझरनंही जोडतात, झोत मिलिमीटरभर जागेत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पडतो, अंगठी हातात धरूनसुद्धा काम करता येतं, मोत्याजवळ असलं तरी भागतं.

आईच्या अंगठीचा पुष्कराज काढूनच चारही टोकं नवी केली. दोन झिजलेली, दोन झिजायच्या वाटेवर, मग एकदाच करा म्हणले सोनार काका. घरी आल्यावर तिनं आधी काय केलं तर कापसाचा बोळा घेऊन खड्यावरून फिरवला, एक तंतू अडकला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मग तिनं वाण द्यायच्या आधी प्रत्येकीच्या अंगठीवरून बोळा फिरवायला सुरुवात केली, आन् तिसऱ्याच काकूंच्या अंगठीत अडकला.