एकशे वीस जुळतात, एकशे बत्तीस का जुळत नाहीत?

देवगडला काकांच्या आंब्याच्या हिशोबासाठी मी जावा भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. गिऱ्हाइकाने मागितलेले नग आणि आपण भरलेले नग जुळतात का, एवढंच त्याने बघायचं. दहा डझनांची ऑर्डर, म्हणजे १२० नग, बिनबोभाट जुळायची. अकरा डझन झाले की मात्र ‘नग जुळत नाहीत’. काका स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “अरे, दोनीकडे एकशे बत्तीसच तर दिसतत!” दिसत होते खरे.

जावात संख्या दोन तऱ्हांनी ठेवता येते. ‘इंट’ म्हणजे सुटा आंबा: ४ बाइट, त्यात फक्त आकडा. असे आठ मूळ प्रकार आहेत आणि प्रत्येकाची एकेक पेटी आहे. या पेटीला रॅपर क्लास म्हणतात. इंटची पेटी ‘इंटिजर’. ती लागते कारण ॲरेलिस्टसारखी यादी सुटे आकडे घेतच नाही, तिला ऑब्जेक्टच हवा, म्हणजे पेटीबंद माल. टेम्पोवालाही सुटे आंबे कुठे घेतो?

पूर्वी ही पेटी हाताने भरावी लागे. २००४ साली जावा ५ आली आणि कंपायलरच, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा, ती परस्पर भरू-उघडू लागला. याला ऑटोबॉक्सिंग म्हणतात. सोय मोठी, पण पेटी नजरेआड झाली, आणि मी फसलो तो इथेच.

दोन इंटिजरांमध्ये बरोबरीची जोडचिन्हं (==) टाकली की जावा आतला माल मोजत नाही. दोन्ही हातांत एकच पेटी आहे का, एवढंच बघते. मग १२० कसे जुळायचे? −१२८ ते १२७ या संख्या सतत लागतात, म्हणून त्यांच्या पेट्या आधीच भरून ठेवलेल्या असतात. १२० दोनदा मागा, दोन्ही वेळा तीच पेटी हातात येते. १३२ साठी दर वेळी नवी पेटी भरली गेली. आकडा एक, पेट्या दोन. जोडचिन्हं काढून ‘इक्वल्स’ने, म्हणजे आतला आकडा ताडून बघणाऱ्या आज्ञेने, विचारलं आणि तक्रार मिटली.

पेटीला वजनही असतं. नेहमीच्या ६४-बिट मशीनवर एक इंटिजर साधारण १६ बाइट घेतो, शिवाय त्याचा पत्ता ठेवायला बहुधा आणखी ४. लाखो आकड्यांची आकडेमोड असेल तर सुटे इंटच बरे.

तरी एका गोष्टीसाठी मला इंटिजर फार मोलाचा वाटतो. ज्या कलमाचे आंबे अजून मोजलेच नाहीत, त्याच्यापुढे शून्य लिहिणं म्हणजे धडधडीत खोटी नोंद. इंटच्या रकान्यात काही भरलं नाही तर शून्य बसतं. इंटिजरच्या रकान्यात ‘नल’ राहतं, म्हणजे पेटीच नाही. मात्र नसलेली पेटी उघडायला गेलात तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो, म्हणून बेरजेआधी नल आहे का ते तपासायचं. काकांच्या यादीत सड्यावरच्या कलमांपुढे आज नलच आहे. तिथली काढणी पुढच्या आठवड्यात.