फिल्टर निरीक्षण, बिनतारी

वाहनातील हवा, इंधन, वंगणतेल व हायड्रॉलिक तेल गाळणाऱ्या फिल्टरांची स्थिती संवेदकाने मोजून ती तारेविना चालकाच्या मोबाइलवर किंवा देखभाल विभागाच्या संगणकावर पोहोचवण्याची पद्धती. ठरावीक किलोमीटर वा तास भरले म्हणून नव्हे, तर फिल्टर खरोखर चोंदला म्हणून बदलावा, हा तिचा हेतू. अवजड ट्रक, बस, खाणकाम, बांधकाम व शेतीची यंत्रे ही तिच्या वापराची मुख्य क्षेत्रे होत.

मापनाचे तत्त्व : फिल्टर किती चोंदला हे त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकावरून ठरते. तो किलोपास्कलमध्ये किंवा जुन्या रिवाजाप्रमाणे पाण्याच्या इंचांत देतात. १ इंच म्हणजे सु. २४९ पास्कल. टर्बो बसवलेल्या अवजड डिझेल इंजिनाच्या हवा फिल्टरसाठी सु. २५ इंच, म्हणजे ६.२ किलोपास्कल, ही मर्यादा बहुधा सांगितली जाते. मात्र इंजिनाच्या उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

खरी अडचण प्रवाहाची आहे. सच्छिद्र थरातून मंद गतीने वाहणाऱ्या द्रवासाठी फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दाबातील घट प्रवाहाच्या प्रमाणात वाढते. फिल्टरच्या कागदातून जाणारी हवा साधारण हाच नियम पाळते. नळ्या, वळणे व फिल्टरची पेटी यांतील घट मात्र जवळजवळ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रत्यक्ष वाचन या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. उदा., पूर्ण भाराखाली ५ किलोपास्कल दाखवणारी जोडणी एक-तृतीयांश प्रवाहाला पहिल्या नियमाने सु. १.७, तर दुसऱ्या नियमाने केवळ सु. ०.५६ किलोपास्कल दाखवील. म्हणजे चोक झालेला फिल्टरही इंजिन आयडलवर असताना नव्यासारखा भासतो. त्यामुळे प्रवाह ठाऊक नसलेले सुटे वाचन फारसे कामाचे नाही. यावर दोन उपाय रूढ आहेत : कमाल वाचन जपून ठेवणे, किंवा इंजिनाची गती व भार विचारात घेऊन वाचन दुरुस्त करणे. पहिला सोपा व स्वस्त. पण भिजलेला कागद किंवा तोंडाशी साचलेला बर्फ यांमुळे एकदाच आलेले शिखरही त्यात कायम राहते. दुसरा अधिक भरवशाचा वाटतो. मात्र त्यासाठी वाहनाच्या अंतर्गत इलेक्ट्रॉनिक जाळ्यातील माहिती मिळवावी लागते.

अनेक संवेदक फिल्टरच्या फक्त स्वच्छ बाजूला बसवतात व तेथील दाबाची तुलना बाहेरच्या हवेशी करतात. अशा वेळी हवेच्या तोंडाशी पाने अडकली तरी दोष फिल्टरवर येतो. इंजिनाला मात्र एकूण अडथळाच सोसावा लागत असल्याने ही उणीव मानावी की सोय, याबाबत मतभेद संभवतो.

उगम : ही पद्धती दोन परंपरांशी जोडता येते. पहिली यांत्रिक निर्देशकाची. पारदर्शक डबीत स्प्रिंग व पडदा असतो. खेच (हवा ओढली गेल्याने पडणारा उणा दाब) वाढली की रंगीत दट्ट्या खुणांवरून सरकतो, गाठलेल्या सर्वोच्च खुणेवर अडकून राहतो आणि बटण दाबल्यावरच मागे येतो. ‘फिल्टर माइंडर’ हा यातील परिचित प्रकार. तो बनवणारी अमेरिकी कंपनी २०१७ मध्ये डोनाल्डसन या फिल्टर-उत्पादक कंपनीने घेतली. त्याच नावाने पुढे बिनतारी संवेदकही आले. दुसरी परंपरा टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेची. अमेरिकेत २००० सालच्या कायद्यानंतर, सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत ती अनिवार्य झाली आणि सेलवर चालणारा छोटा दाब-संवेदक सर्वपरिचित झाला. रेडिओचा भाग दुसऱ्या परंपरेचा मानता येईल. पण शिखर जपण्याची कल्पना व बसवण्याची जागा या दोन्ही पहिल्या परंपरेतून आल्याने उगम तिच्याकडे शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. जुन्या निर्देशकाच्याच आट्यांच्या छिद्रात नवा संवेदक बसतो, वायरिंगला हात लावावा लागत नाही, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण.

संवेदकाचा गाभा बहुधा सिलिकॉनचा असतो. दाबाने सिलिकॉनचा विद्युत रोध बदलतो हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रक्षेपणासाठी २०१० च्या ब्लूटूथ ४.० मानकातील अल्पऊर्जा प्रकार सोयीचा पडतो. संवेदक बहुतेक वेळ निद्रिस्त राहून मधूनच काही बाइट पाठवतो, त्यामुळे सेल दीर्घकाळ पुरतो. नेहमीच्या बटण-सेलला बॉनेटखालची उष्णता मानवत नाही, आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना पत्र्याचा अडसर होतो.

उपयोग व मर्यादा : फिल्टर उशिरा बदलणे टळते, यापेक्षा घाईने बदलणे टळते, हा लाभ बहुधा मोठा असतो. कागदावर धुळीचा थर बसल्यावर त्याची गाळणक्षमता वाढते. हवा फिल्टरांसाठीच्या आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होणाऱ्या चाचणीत म्हणूनच सुरुवातीची व पूर्ण आयुष्यातील कार्यक्षमता वेगवेगळी काढतात. शिवाय पेटी उघडली की स्वच्छ बाजूला धूळ सांडण्याचा धोका प्रत्येक वेळी असतो. उलट, कागद फाटला किंवा गॅस्केट नीट बसले नाही तर दाबातील फरक घटतो व संवेदक सारे ठीक असल्याचे सांगतो. फिल्टर न बदलता आकडा एकाएकी खाली आला तर संशय घ्यावा. वापरलेल्या इंजिन तेलात (धुळीतून येणाऱ्या) सिलिकॉनचे प्रमाण वाढलेले आढळले तर तो बळावतो.

तेलाच्या फिल्टरमध्ये थंड, दाट तेलामुळे फरक वाढतो, म्हणून तापमानही मोजावे लागते. बायपास झडप (फिल्टर चोंदल्यास तेलाला त्याला वळसा घालून जाऊ देणारी) उघडल्यावर तर वाचन वाढायचे थांबते. इंधन फिल्टर पंपाच्या आधी असल्यास खेच मोजतात. मोटारीच्या केबिन फिल्टरमधील दाबफरक फारच अल्प असल्याने तेथे बहुधा कालमर्यादेवरच भिस्त ठेवतात.